पाणी नासवलं कोणी, आणि भरायचं कोणी?



पावसाच्या पहिल्या आठवड्यात आपल्या नदीला केमिकलचं पाणी आलं, हे आता सगळ्या पाड्यांना माहीत आहे. वरच्या पाड्यापासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत मासे उलटे होऊन तरंगले. चिंबोऱ्या बिळातून बाहेर येऊन काठावर मेल्या. दोन म्हशी आणि एक बैल गेला. पाण्यात उतरलेल्या बायांच्या पायांना खाज सुटली, फोड आले. हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. त्याच्यानंतर जे सुरू झालंय त्याच्याबद्दल आम्हाला या अंकात बोलायचं आहे.

चौथ्या दिवशी कंपनीचा टँकर आला. आठव्या दिवशी कंपनीचा माणूस जीप घेऊन आला, सोबत आपल्याच भागातले दोन पुढारी. त्यांनी सांगितलं, ज्यांची गुरं मेली त्यांना काही पैसे देऊ, घरटी एक प्लास्टिकचा पिंप देऊ, आणि पाड्यावर समाजमंदिर बांधून देऊ. बदल्यात एक कागद. त्या कागदावर लिहिलंय की ही रक्कम कंपनीने माणुसकी म्हणून दिलेली मदत आहे, गुरं कशाने मेली ते माहीत नाही, आणि यापुढे आमची कंपनीबद्दल काही तक्रार नाही. खाली अंगठा.

कंपनीचं नाव या अंकात छापत नाही, कारण नोटिशीचं काम चालू आहे. नाव आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

आमचं म्हणणं साधं आहे. ही मदत नाही, हे कंपनीचं आपल्याला देणं आहे. आणि देणं आहे असं आम्ही रागाने म्हणत नाही, देशाचा कायदा म्हणतो.

शेजाऱ्याची गुरं आपल्या खाचरात शिरली आणि भात खाऊन गेली तर पाड्यावर काय होतं? पंच बसतात. किती खाल्लं ते बघतात. ज्याची गुरं, तो भरतो. समजा तो शेजारी पंचांपुढे म्हणाला, ‘गुरं कोणाची ते मला माहीत नाही, पण माणुसकी म्हणून दोन पायली देतो, आणि आता तू कोणाला काही सांगायचं नाहीस.’ त्याला पंच उभं तरी करतील का? मग जीपमधून आलेल्या माणसाचं तेच बोलणं आपण मान खाली घालून का ऐकून घेतलं?

मदत देणाऱ्याची मर्जी असते. आज टँकर पाठवील, दिवाळीनंतर बंद करील, विचारायला गेलो तर म्हणेल, आम्ही काय बांधलेले आहोत का? देणं असलं म्हणजे तारीख असते, हिशोब असतो, नाही दिलं तर वसुली असते. म्हणून त्या कागदावर ‘मदत’ हा शब्द फार विचार करून घातलेला आहे.

कायदा काय म्हणतो

पुष्कळ साथींना वाटतं, कारखाने मोठ्या लोकांचे, तर कायदाही त्यांचाच. जंगलाच्या बाबतीत आपल्याला तसाच अनुभव आहे. पण पाण्याच्या बाबतीत कायदा कागदावर तरी आपल्या बाजूला आहे, आणि तो आपल्याला पाठ पाहिजे. पाणी नासवण्याविरुद्ध महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी, १९६९ साली कायदा केला. केंद्राचा जल प्रदूषणाचा कायदा १९७४ चा. भोपाळच्या गॅसकांडानंतर, १९८८ साली तो दुरुस्त करून कडक केला. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा :

कलम २४. कोणीही जाणूनबुजून विषारी किंवा घाण माल नदीत, ओढ्यात, विहिरीत जाऊ द्यायचा नाही. उन्हाळ्यात कोरडा पडलेला ओहोळसुद्धा या कायद्यात पाण्याचाच प्रवाह धरला आहे. जमिनीखालचं पाणीही धरलं आहे. १९८८ च्या दुरुस्तीने याला शिक्षा दीड वर्षापासून सहा वर्षांपर्यंत कैद, आणि दंड अशी ठरवली होती.

कलम २५. कारखान्याला घाण पाणी बाहेर सोडायचं असेल तर प्रदूषण मंडळाची संमती लागते. त्या संमतीला अटी असतात. या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते, आणि ज्याला त्या पाण्याचा त्रास होतो त्याला ती बघायचा अधिकार आहे. म्हणजे आपल्याला आहे.

कलम ३३ अ. मंडळ कोर्टात न जाता कारखाना बंद करायचा, त्याची वीज आणि पाणी तोडायचा हुकूम देऊ शकतं.

कलम ४७. गुन्हा कंपनीने केला असेल तर त्या वेळी कारभार ज्याच्या हातात होता तो साहेब गुन्हेगार धरला जातो. मला माहीत नव्हतं, किंवा मी सगळी काळजी घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचं असतं. रात्रपाळीचा कंत्राटी पोरगा पुढे ढकलून साहेबाने मोकळं होऊ नये म्हणून हे कलम आहे.

आता दुसरा कायदा. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आपल्याला शिवीगाळ आणि मारहाणीसाठी माहीत आहे. त्याच कायद्यात कलम ३, पोटकलम १ मध्ये पाण्याचाही मुद्दा आहे. अनुसूचित जाती-जमातीचे लोक नेहमी वापरतात तो झरा, तलाव किंवा दुसरं कुठलंही पाणी जमातीबाहेरच्या माणसाने घाण केलं, आणि त्यामुळे ते पाणी नेहमीच्या कामाला कमी उपयोगाचं झालं, तर तो अत्याचार आहे. सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. १९९५ च्या नियमांप्रमाणे याचा तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. नुकसानभरपाई २०१६ पर्यंत एक लाखापर्यंत, किंवा पाणी साफ करून पूर्वीसारखं करण्याचा सगळा खर्च, अशी होती. हे सरकारच्या नियमातच छापलेलं होतं.

पोलीस म्हणतील, हा कायदा कारखान्यांसाठी नाही. आपण म्हणायचं, कारखाना चालवतात ती माणसंच आहेत, आणि कलमात कारखाना सोडून द्या असं कुठे लिहिलंय ते दाखवा. २०२४ पर्यंत ठाण्यात बहुतेक वेळा भारतीय दंड संहितेचं कलम २७७ लावून मोकळे व्हायचे. त्याची शिक्षा तीन महिने किंवा पाचशे रुपये दंड होती. आणि ते कलम सार्वजनिक झऱ्याला किंवा साठ्याला लागतं, वाहत्या नदीला लागत नाही, असं कोर्टांनी इंग्रजांच्या राज्यातच ठरवून ठेवलं होतं. म्हणजे केस उभी राहायच्या आधीच पडली. म्हणून फिर्यादीवर कुठलं कलम घातलंय ते वाचून घेतल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. कोणी शिकलेलं पोरगं बरोबर घेऊन जा.

‘पुरावा कुठाय?’

कुठल्याही हापिसात गेलं की पहिला प्रश्न हाच. आपले साथी बाटलीत पाणी भरून घेऊन गेले, तर सांगितलं, ही बाटली चालत नाही. एका हापिसाने दुसऱ्यात पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्यात. दोन दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचे पैसे गेले.

बाटली चालत नाही हे एका अर्थाने खरं आहे. कलम २१ प्रमाणे कारखान्याच्या पाण्याचा नमुना मंडळाच्या माणसाने घ्यायचा असतो. तिथल्या तिथे कारखान्याच्या माणसाला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, डबे सील करायचे. उद्या कोणी खोटी बाटली भरून आणू नये म्हणून ही रीत आहे, तिला आमची हरकत नाही. हरकत अशी आहे की केमिकलचं पाणी रात्री दोन वाजता येतं आणि साहेब चौथ्या दिवशी अकरा वाजता येतात. तोपर्यंत ते पाणी खाडीला मिळालेलं असतं. मग साहेब डबा भरतात, डब्यात पाणी चांगलं निघतं, आणि आपण खोटे ठरतो.

पाणी रात्री आणि पहिल्या पावसातच का येतं, हेही समजून घ्या. घाण पाणी साफ करायच्या टाक्या चालवायच्या तर वीज लागते, चुना आणि दुसरी औषधं लागतात, माणूस लागतो. हा सगळा खर्च. टाकी बंद ठेवली की तेवढा नफा. उन्हाळाभर साठवलेली घाण पहिल्या पुरात सोडली की पाणी तसंही गढूळ असतं, कोणाला रंग दिसत नाही. मासे विषानेच मरतात असंही नाही. घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते, मासा पाण्यातच गुदमरतो. म्हणून मासे वर येऊन तोंड उघडतात. आणि उन्हाळ्यात उलटं होतं. नदी तुटते, फक्त डोह उरतात, आणि वरून येणारं पाणी म्हणाल तर तेवढं कारखान्याचं. तेच डोहात साचतं, तेच बाया झिऱ्यातून वाटीवाटीने भरतात. पाणी निवळ दिसलं म्हणून ते चांगलं असतंच असं नाही.

पण साथींनो, कलम २१ चा डबा हा एकच पुरावा नाही. मेलेल्या बैलाचं शवविच्छेदन गुरांच्या डॉक्टरने केलं तर तो कागद पुरावा आहे. बायांच्या फोडांसाठी आरोग्य केंद्राने दिलेला केसपेपर पुरावा आहे. तलाठ्याचा पंचनामा पुरावा आहे. डोहाच्या तळाचा काळा गाळ चार दिवसांनीही तिथेच असतो, तो घ्यायला लावायचा. आणि आपण पंधरा जण, ज्यांनी रात्री पाणी येताना बघितलं, ते साक्षीदार आहोत. यावेळी आपण मेलेली गुरं घाईने पुरून टाकली. कोणी सांगायलाच नव्हतं. पुढच्या वेळी डॉक्टर येईपर्यंत गुरं हलवायची नाहीत.

‘तुम्हीच विष टाकता’

जीपवाला माणूस जाता जाता म्हणाला की आदिवासीच नदीत विष टाकून मासे मारतात, कंपनीचं नाव उगाच घेतात. याचं उत्तर द्यायलाच पाहिजे, कारण हेच उद्या कोर्टात म्हणतील.

होय, आपल्या आजा-पणजापासून डोहात गेळाची फळं कुटून टाकतात. त्याने एका डोहातले मासे गुंगतात, आपण ते धरतो, खातो. वाहतं पाणी आलं की डोह परत साफ. ज्याने पाणी मरेल ते आपण केलं असतं तर इतक्या पिढ्या मासे उरलेच नसते. त्याने म्हैस मरत नाही, बायांच्या पायांना फोड येत नाहीत. तरी जंगलखात्याच्या १९२७ च्या कायद्यात कलम २६ आहे. राखीव जंगलात नियम मोडून मासे मारले किंवा पाण्यात विष टाकलं तर कैद, दंड किंवा दोन्ही. इंग्रजाने हे आपल्यासाठी लिहून ठेवलं. मूठभर फळांसाठी गार्ड पोरांना पकडतो, कोंबडी नाहीतर पैसे घेऊन सोडतो. आणि त्याच नदीत टँकरच्या टँकर विष ओतणाऱ्याला साहेब खुर्ची देतात. एकच नदी, एकच पाणी, पण विष कोणाच्या हातातून पडलं ते बघून कायदा जागा होतो किंवा झोपतो. आमचं भांडण या झोपेशी आहे.

यात एक गोष्ट आपल्याही घरात नीट करायची आहे. काही पाड्यांत बाजारातलं कीटकनाशक टाकून मासे मारणारे निघालेत. ते गेळ नव्हे, ते कारखान्याचंच विष आहे, फक्त पिशवीतलं. अशांना ग्रामसभेने अडवायचं, दंड करायचा. आपला हात साफ असला म्हणजे कंपनीच्या वकिलाला बोट दाखवायला जागा राहत नाही.

‘कारखाना बंद झाला तर काम जाईल’

हे म्हणणारे परके नाहीत, आपलीच पोरं आहेत. कंत्राटावर का होईना, त्यांच्या घरात पगार येतो. त्यांच्यावर राग धरू नका. आम्ही कारखाना बंदच करा असं म्हणत नाही. टाकी रात्रंदिवस चालवा, असं म्हणतो. टाकीवर माणसं लागतात, तीही आपलीच पोरं लावा. जो मालक पाणी साफ करायचे पैसे वाचवून कारखाना चालवतो, तो खर्च माफ झालेला नाही. तो आपल्यावर टाकलाय. मेलेला बैल, बुडालेली मासेमारी, दवाखान्याचं बिल, एका हंड्यासाठी दीड कोस चालणारी बाई, हा सगळा त्याच्या कारखान्याचा खर्च आपण भरतोय. त्याच्या वहीत तो दिसत नाही एवढंच.

कंत्राटाच्या पोरांनाही आमचं सांगणं आहे. रात्री कुठला व्हॉल्व्ह कोणाच्या हुकुमाने उघडला ते तुम्हाला माहीत आहे. हुकूम देणाऱ्याचं नाव लक्षात ठेवा. उद्या केस झाली तर तो तुमचं नाव सांगणार आहे.

बिछडी गावाची गोष्ट

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचं गाव आहे. तिथे १९८८ च्या सुमाराला एच ॲसिड नावाचं रसायन करायला सुरुवात झाली. ते कापडाच्या रंगांसाठी लागतं. रसायन निघालं सुमारे ३७५ टन, आणि त्याच्या मागे विषारी चोथा उरला जवळजवळ २,४४० टन. तो चोथा कारखान्याच्या आवारात आणि आसपास उघड्यावर टाकला. पावसाने ते विष जमिनीत मुरलं. विहिरींचं पाणी लालसर काळं झालं, माणसाच्या, गुरांच्या, शेताच्या कशाच्याच कामाचं राहिलं नाही. गाव उठलं. सरकारने काय केलं? आधी गावावर १४४ कलम लावलं. मग १९८९ च्या जानेवारीत ते एच ॲसिडचं युनिट बंद झालं.

केस सुप्रीम कोर्टात गेली. निकाल १३ फेब्रुवारी १९९६ ला लागला. कोर्टाने म्हटलं, जो धोक्याचा धंदा करतो त्याने दुसऱ्याचं केलेलं नुकसान त्यानेच भरायचं. त्याने काळजी घेतली होती की नव्हती हा प्रश्नच नाही. माणसांचं नुकसान तर भरायचंच, शिवाय जमीन आणि पाणी पूर्वीसारखं करायचा खर्चही त्याचाच. नासवणाऱ्याने भरायचं, हे तत्त्व कोर्टाने या देशाचा कायदा म्हणून लागू केलं. त्याच्या आधी दिल्लीत १९८५ साली एका कारखान्यातून गॅस सुटला होता, त्या केसमध्ये कोर्टाने पूर्ण जबाबदारीचं हे तत्त्व सांगितलं होतं. आणि १९९१ साली कोर्टाने म्हटलं होतं की स्वच्छ पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे.

म्हणजे साथींनो, आपल्या पंचांचा न्याय आणि सुप्रीम कोर्टाचा न्याय इथे एकच आहे. ज्याची गुरं, तो भरतो.

पण गोष्टीचा पुढचा भागही ऐका, नाहीतर आम्ही तुम्हाला फसवलं असं होईल. जमीन-पाणी साफ करायचा खर्च सदतीस कोटींच्या वर ठरला. निकालाला दोन वर्षं झाली तरी, १९९८ साली, कंपन्यांनी पैसे भरलेले नव्हते, अर्जांवर अर्ज करून टाळाटाळ चालू होती. आणि विहीर काही निकालाने साफ होत नाही. म्हणून कोर्ट आपल्यासाठी लढेल आणि आपण घरी बसू, हे होणार नाही. बिछडीचं गाव उठलं म्हणून कारखान्याचं काम थांबलं, निकाल त्याच्या सात वर्षांनी आला. कायदा हातात धरायचा आणि पाय रस्त्यावर ठेवायचे, असंच चालावं लागेल.

ज्यांनी अंगठा दिलाय त्यांना

तीन पाड्यांतल्या काही घरांनी पैसे घेतले, कागदावर अंगठा दिला. त्यांना कोणी बोलायचं नाही. लावणीच्या तोंडावर ज्याचा बैल गेला त्याच्या घरात काय चाललं असेल हे आपल्याला कळतं. त्यांनी घाबरू पण नये. असा कागद करून फौजदारी गुन्हा मिटत नाही. तो गुन्हा सरकारविरुद्ध कंपनी असा चालतो, तो मिटवायचा अधिकार कंपनीच्या माणसालाही नाही आणि आपल्यालाही नाही. भरपाईच्या दाव्यात मात्र कंपनीचा वकील तो कागद पुढे करील. म्हणून अंगठा कसा घेतला, काय सांगून घेतला, कागद वाचून दाखवला का, सोबत कोण होतं, किती पैसे हातात पडले, हे आताच साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसह संघटनेकडे द्या. आणि ज्यांनी दिला नाही त्यांनी आता देऊ नका. टँकरचं पाणी भरा, ते आपलंच देणं आहे. टँकरवाल्याच्या वहीत सही मागितली तर ‘नदी नासल्यामुळे पाणी घेतलं’ असं लिहून मगच सही करा.

आता करायचं काय

१५ ऑगस्टला सगळ्या गावांत ग्रामसभा आहेत. अनुसूचित क्षेत्राच्या १९९६ च्या पंचायत कायद्याने गावाची साधनसंपत्ती सांभाळायचा अधिकार ग्रामसभेला मानलेला आहे. तो अधिकार कोणी घरी आणून देणार नाही, ठराव करून वापरावा लागेल. सगळ्या गावांनी एकाच मजकुराचे ठराव करायचे :

१. नदी नासली, कोणत्या तारखेला, काय काय मेलं, कोणाला काय झालं, हे नावानिशी ठरावात लिहायचं. ठरावाची नक्कल सरपंचाच्या सही-शिक्क्याने घ्यायची.

२. कंपनीने देऊ केलेली रक्कम मदत म्हणून नामंजूर. नुकसानभरपाई म्हणून, हिशोबाने, सगळ्यांना एकदम आणि सरकारी अधिकाऱ्यासमोर मिळाली तर मंजूर. मासेमारी बुडाली त्या घरांचाही हिशोब त्यात धरायचा, फक्त गुरंवाल्यांचा नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, गुरं नाहीत, नदीवरच पोट आहे, त्या कातकरी घरांचं नुकसान सगळ्यात मोठं आहे, आणि जीपवाल्याच्या यादीत त्यांचं एकही नाव नाही.

३. प्रांतसाहेबांकडे अर्ज (२०२४ पर्यंत तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली होत होता). सगळ्यांना होणारा उपद्रव बंद करायचा हुकूम ते देऊ शकतात. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेने गटारांसाठी पैसे नाहीत म्हणून सांगितलं होतं. १९८० साली सुप्रीम कोर्टाने ते कारण ऐकून घेतलं नाही आणि याच कलमाखालचा हुकूम पाळायला लावला.

४. प्रदूषण मंडळाला कलम ४९ ची साठ दिवसांची नोटीस. साठ दिवसांत मंडळाने खटला भरला नाही तर आपण स्वतः मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात फिर्याद करू शकतो. फिर्याद केल्यावर मंडळाकडचे अहवाल मागायचा अधिकार आपल्याला आहे. नोटीस तयार आहे, सह्या आणि अंगठे पाहिजेत. हा अंगठा मात्र वाचून, समजून, खुशाल द्या.

५. ॲट्रॉसिटीची फिर्याद पाच गावांनी एकाच दिवशी, एकत्र जाऊन द्यायची. घेतली नाही तर पोस्टाने एसपीला.

६. प्रत्येक पाड्यावर पाण्याची वही. शाळेची शंभर पानी वही चालेल. पाणी कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या रंगाचं आलं, वास कसा होता, काय मेलं, कोणी बघितलं. लिहिणारा एक, सही करणारे दोन. साहेबांचा डबा चौथ्या दिवशी येतो, आपली वही रोज तिथेच असते. वर्षभराची अशी वही कोर्टापुढे ठेवली तर ‘एखाद वेळेस झालं असेल’ असं कोणाला म्हणता येणार नाही.

वकिलाच्या खर्चाची भीती बाळगू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे आदिवासीला कोर्टात वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही, जमातीचा पुरतो. तालुका कोर्टात अर्ज करायचा.

शेवटी एक गोष्ट. काही साथी विचारतात, आपली संघटना जमिनीची, प्लॉटच्या दाव्यांची, मग हे पाण्याचं मध्येच कुठून काढलं? साथींनो, प्लॉट नावावर व्हावा म्हणून आपण इतकी वर्षं मोर्चे काढतो, दंडाच्या पावत्या जपून ठेवतो. उद्या तो प्लॉट नावावर झाला आणि खालच्या ओहोळात केमिकल वाहत असलं तर त्या जमिनीवर नागली येईल, वरई येईल, पण माणूस तिथे राहू शकणार नाही. तेव्हा तोच जीपवाला येईल आणि म्हणेल, तशीही ही जमीन तुमच्या कामाची नाही, आम्ही माणुसकी म्हणून घेतो. पाणी नासवून जमीन रिकामी करायची ही वाट आहे. ती आताच अडवायची.

१५ ऑगस्टला ग्रामसभेला घरटी एक बाई आणि एक पुरुष आलाच पाहिजे. येताना गुरांच्या दवाखान्याचे, आपल्या दवाखान्याचे जे कागद असतील ते आणा. कंपनीच्या कागदाची नक्कल कोणाकडे असेल तर तीही आणा, ती आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

जिंदाबाद!